केलेली, केलेले, केलेल्या

इंग्रजीत दोन नामं ‘अँड’नं जोडायची आणि त्यांच्यानंतर ‘इश्यूड बाय’, ‘साइन्ड बाय’, ‘अप्रूव्ह्ड बाय’ असं काहीतरी लावून द्यायचं, ही रचना कार्यालयीन कागदांत जागोजागी भेटते. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. शिष्यवृत्त्यांची माहितीपत्रकं, विम्याच्या अटी, शेतीच्या योजना, संस्थांच्या नियमावल्या, असं माझं काम. कथा-कादंबऱ्या माझ्या वाट्याला फारशा आल्या नाहीत. माझ्या ज्या चुकांमुळं लोकांना खरोखर हेलपाटे पडले, त्यांतल्या बहुतेक या एका रचनेपाशी झाल्या. अवघड शब्द आला की मी थांबायचे, कोश उघडायचे, जाणकाराला विचारायचे. इथं सगळे शब्द ओळखीचे होते, म्हणून थांबलेच नाही.

एका विश्वस्त संस्थेच्या शिष्यवृत्तीचं माहितीपत्रक होतं. अर्जासोबत काय जोडायचं त्या यादीत इंग्रजीत होतं, ‘मार्कशीट्स अँड इन्कम सर्टिफिकेट्स इश्यूड बाय द तहसीलदार’. मी लिहिलं, ‘तहसीलदारांनी दिलेली गुणपत्रके व उत्पन्नाचे दाखले’. तहसीलदार उत्पन्नाचा दाखला देतात, गुणपत्रकं देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. इंग्रजी वाचताना मनात अर्थ बरोबर उमटला होता. कागदावर दुसराच उतरला. पत्रक छापून गावोगाव गेलं आणि काही दिवसांनी संस्थेतल्या कार्यकर्तीचा फोन आला. एक आई मुलीचं दहावीचं गुणपत्रक घेऊन तालुक्याच्या सेतू केंद्रात रांगेला उभी राहिली होती. तिथं तिला सांगितलं, मार्कलिस्टवर तहसीलदारांची सही मिळत नसते. ती घरी गेली, पत्रक पुन्हा वाचून पाहिलं, पुन्हा तालुक्याला आली. शेवटी पत्रकावरच्या नंबरावर फोन करून तिनं विचारलं, “ताई, कागदावर तर तहसीलदारांनी दिलेली गुणपत्रकं असं लिहिलंय. मग मी जाऊ कुणाकडं?” शेतमजुरी करणारी बाई, तिचा रोज बुडाला. तिनं मराठी नीट वाचलं होतं आणि त्यात लिहिलं होतं तसंच केलं होतं.

मी ओळ दुरुस्त केली, क्षमा मागितली आणि घाईत झालं असं स्वतःची समजूत घालून पुढच्या कामाला लागले. ही समजूत मला फार महागात पडली. घाई हे कारण नव्हतंच. कारण दोन भाषांच्या ठेवणीत होतं, आणि ते तेव्हाच शोधलं असतं तर पुढच्या चुका टळल्या असत्या.

इंग्रजीत ‘इश्यूड’सारखं धातुसाधित विशेषण नामांनंतर येतं. ‘इश्यूड’ दुसऱ्या नामाला चिकटून बसतं, पहिलं नाम त्याच्यापासून लांब राहतं. मराठीत तेच विशेषण नामांच्या आधी येतं. मागून उचलून पुढं आणलं की त्याचा शेजारी बदलतो. दाखल्यांशेजारी असलेला शब्द माझ्या ओळीत गुणपत्रकांशेजारी जाऊन बसला होता. शिवाय मराठी त्याला लिंग आणि वचन विचारते. गुणपत्रकं नपुंसकलिंगी, म्हणून ‘दिलेली’. दाखले पुल्लिंगी, म्हणून ‘दिलेले’. ‘दिलेली’ लिहिल्याबरोबर मी ठामपणे सांगून टाकलं होतं की तहसीलदारांनी दिली ती गुणपत्रकं. इंग्रजी मुळात असला काही ठामपणा नाही. ‘इश्यूड’ला लिंग नाही, वचन नाही, एक गोष्ट असो की दहा, रूप तेच. माझ्या कानानं मात्र मराठी व्याकरण सवयीनं सांभाळलं, आणि ओळ व्याकरणात इतकी चोख बसली की ती पुन्हा तपासावी असं मला वाटलंच नाही.

इंग्रजीत हाच आशय पूर्ण उपवाक्यात मांडला तर ‘व्हिच इज’ किंवा ‘व्हिच आर’ लिहावं लागतं. दोन नामांतलं एक एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर त्या ‘इज’ किंवा ‘आर’वरून थोडा तरी उलगडा होतो. धातुसाधितानं वाक्य आखूड करताना नेमका तो शब्द गळतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याची फारशी अडचण होत नाही, कारण तो आपल्या अनुभवावरून ठरवतो. मार्कशीट कोण देतं हे त्याला माहीत असतं. जिथं अनुभव मदतीला येत नाही तिथं काय, हे मला पुढच्या चुकीनं शिकवलं.

ती मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यासाठी होती. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून दुरुस्तीला पैसे मिळणार होते. इंग्रजी मजकुरात होतं, ‘वेल्स अँड फार्म पाँड्स कन्स्ट्रक्टेड अंडर द स्कीम’. तहसीलदारांच्या प्रकरणानंतर मी मनाशी एक नियम करून ठेवला होता: असलं धातुसाधित शेवटच्या नामालाच लावायचं. तो नियम मी इथं वापरला आणि लिहिलं, ‘विहिरी व योजनेतून घेतलेली शेततळी’. म्हणजे शेततळं योजनेतलं हवं, विहीर कुठलीही चालेल.

अर्ज आले ते बहुतेक जुन्या विहिरींचे. वाड-वडलांच्या काळातल्या, दगडी बांधणीच्या, गाळानं भरलेल्या. छाननीत ते एकगठ्ठा बाद झाले, कारण निधी देणाऱ्यांच्या मनात फक्त योजनेतून घेतलेल्या विहिरी होत्या. गावात बैठक झाली, मलाही बोलावलं. एक वयस्कर शेतकरी हातात पत्रक घेऊन उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, विहीर माझ्या वडलांनी खांदलेली. कागदावर विहिरी म्हटलंय. कुठल्या, ते म्हटलं न्हाई.” अर्जाला विहिरीचा फोटो लागणार म्हणून त्यांनी पदरच्या पैशानं माणसं लावून कठड्याभोवतालची झुडपं तोडून घेतली होती. प्रकल्प अधिकारी काहीतरी समजावू लागले. मी मध्येच उठून म्हणाले, “काका, कागद मी लिहिला. चूक माझी आहे.” ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “मग कागद बदला. पुढच्याला तरी कळंल.” रागावले असते तर मला सोसलं असतं. पैसे त्यांना मिळाले नाहीत.

त्या रात्री मी मूळ इंग्रजी ओळ पुन्हा काढून बघितली. तिच्यात दोन्ही अर्थ बसत होते. विहिरीही योजनेतून घेतात, शेततळीही घेतात. जगाचं ज्ञान इथं काही सांगत नाही. इंग्रजीनं जो प्रश्न उघडा ठेवला होता तो मी परस्पर मिटवून टाकला, आणि तसा अधिकार मला कुणी दिला नव्हता. बरं, ‘योजनेतून घेतलेल्या विहिरी आणि योजनेतून घेतलेली शेततळी’ असं लिहायला एक ओळसुद्धा जास्त लागली नसती. पण पुनरुक्ती हा दोष, असं शाळेपासून मनावर बिंबलेलं. निबंधात तो दोष असेलही. ज्या कागदावर कुणाच्या विहिरीचा गाळ निघणार आहे, तिथं दोनदा लिहावं असं आता माझं ठाम मत आहे.

मग मी मराठीच्या लिंगवचनावर भिस्त ठेवू लागले. ‘घेतलेल्या’ म्हटलं की विहिरी, ‘घेतलेली’ म्हटलं की शेततळी. भाषाच राखण करते, असं मला वाटायचं. तिथंही फसले. दोन नामं ‘अँड’नं जोडलेली नसून ‘ऑफ’नं जोडलेली असली तरी हा गुंता होतो. ‘कॉपीज ऑफ सर्टिफिकेट्स अटेस्टेड बाय अ गॅझेटेड ऑफिसर’, ही ओळ स्वयंसाक्षांकन रुळण्याआधी प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत असायची. मी लिहिलं, ‘राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या प्रमाणपत्रांच्या प्रती’. साक्षांकित काय हवं? प्रती. माझी ओळ सांगते, आधी प्रमाणपत्रं साक्षांकित करा, मग त्यांच्या प्रती काढा. काही उमेदवारांनी तसंच केलं: साहेबांची सही-शिक्का घेतलेल्या कागदाची झेरॉक्स काढून लावली. शिक्का झेरॉक्सवर काळा उमटला, मूळ सही नाही म्हणून अर्ज परत आले.

इथं लिंगवचनानं मला सावध का केलं नाही? प्रमाणपत्राला विभक्ती लागली की ‘प्रमाणपत्रांच्या’ होतं आणि त्याच्या आधीचं विशेषण सामान्यरूपात जातं: ‘केलेल्या’. आणि ‘प्रती’ स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्यानं तिचं विशेषणही ‘केलेल्या’. दोन वेगळे अर्थ एकाच रूपात. थोडं पुढं जाऊन पाहिलं तर सामान्यरूपात सगळंच एक होतं. तपासलेले अहवाल, तपासलेल्या पावत्या, तपासलेली पत्रं, हे तीन निरनिराळे. पण अहवालांची, पावत्यांची, पत्रांची म्हटलं की तिघांनाही ‘तपासलेल्या’. आपल्या भाषेतला हा भाग मी जन्मभर बोलत आले आणि तोवर माझ्या लक्षात आला नव्हता. ‘प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती’ एवढं साधं लिहिलं असतं तर कुणाचा अर्ज परत आला नसता.

१९८८ साली क्वेतोस आणि मिचेल या दोन मानसभाषाशास्त्रज्ञांनी अशाच वाक्यांवर एक लेख प्रसिद्ध केला होता. बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीच्या दासीला कुणीतरी गोळी मारली. बाल्कनीत कोण होतं, दासी की नटी? इंग्रजीत दासी आधी, नटी नंतर आणि बाल्कनी सर्वांत शेवटी येते. इंग्रजी वाचक जवळच्या नामाकडं, म्हणजे नटीकडं झुकत होते. तीच रचना स्पॅनिशमध्ये वाचणारे लांबच्या नामाकडं, दासीकडं. हे वाचल्यावर मला धीर आला, पण थोडी भीतीही वाटली. एकाच वाक्याबाबत दोन भाषांतल्या वाचकांची पहिली समजूत वेगळी असू शकते, आणि मी रोज या दोन समजुतींच्या मध्ये बसून लिहिते.

यातली सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती मी फार वर्षं केली. नको त्या नामाला ‘केलेले’ लागण्याची धास्ती वाटू लागली तेव्हा मी तत्सम शब्दांच्या आडोशाला गेले. ‘प्रमाणित’, ‘निर्गमित’, ‘विहित’. यांना ना लिंग लागतं ना वचन. ‘विभागाकडून निर्गमित परिपत्रके व आदेश’ असं लिहिलं की परिपत्रकं निर्गमित की आदेशही, हे मला ठरवावंच लागत नाही. भाषांतर झटकन होतं, वाचायला भारदस्त वाटतं, आणि कुणी बोट दाखवू शकत नाही. इंग्रजीचा सगळा संदिग्धपणा मी मराठीत जसाच्या तसा आणून ठेवला आणि त्यात मराठी वाचकाला न कळणारे शब्द मिसळले. ‘विभागाने काढलेली परिपत्रके’ हे वाचून गावातला माणूस काहीतरी समजतो, निदान प्रश्न तरी विचारतो. ‘निर्गमित’ वाचून तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्यामुळं माझ्याकडं तक्रारी येणं थांबलं, आणि मी त्याला प्रगती समजले. या वर्षांतल्या किती कागदांनी किती लोकांना अडवलं असेल ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

एका वकील मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, यावर न्यायालयं भांडलीत.” तिनं वाचायला दिलं ते मी अधाशासारखं वाचलं. १९२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर पोर्टो रिकोचा एक दावा आला. वादी मोर हा स्पेनच्या राजाचा प्रजाजन, पण राहणारा पोर्टो रिकोतला. प्रतिवादी तिथली रेल्वे कंपनी. कायद्यात संघराज्याच्या न्यायालयाची हद्द ठरवताना आधी परदेशाचे नागरिक, मग अमेरिकेतल्या राज्यांचे नागरिक, आणि शेवटी ‘नॉट डोमिसाइल्ड इन पोर्टो रिको’ असे शब्द होते. तिथं न राहणारे कोण? दोन्ही गट, की फक्त दुसरा? न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी सांगितलं की मागून येणारी अट जर पहिल्या शब्दांनाही शेवटच्या शब्दांइतकीच लागू पडत असेल, तर ती सगळ्यांना लागू धरायची. मोरचा दावा संघराज्याच्या न्यायालयात चालू शकला नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर मलाही एक पक्का नियम मिळाला असता. पण २०१६ साली त्याच सर्वोच्च न्यायालयात, लॉकहार्टच्या खटल्यात, उलट झालं. लैंगिक गुन्ह्यांचे तीन प्रकार ओळीनं आणि तिसऱ्यानंतर अल्पवयीनासंबंधीचे शब्द. आरोपीचा आधीचा गुन्हा प्रौढ स्त्रीविरुद्धचा होता. ते शब्द तिन्ही प्रकारांना लागू धरले तर किमान दहा वर्षांची सक्तीची शिक्षा त्याला लागत नव्हती. फक्त तिसऱ्याला धरले तर लागत होती. सहा विरुद्ध दोन मतांनी ठरलं, फक्त तिसऱ्याला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती सोटोमायोर यांचं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांनी उदाहरण दिलं ते ‘स्टार वॉर्स’चं: नव्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाशी ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ असलेला नट, दिग्दर्शक किंवा निर्माता भेटावा असं मैत्रीण म्हणाली, तर कुठलाही नट तिला चालेल असं आपण समजू का? इंग्रजी ज्यांची रोजची भाषा, कायद्याचा कीस काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचंही एकमत नाही. मी मात्र चहाचा कप हातात घेऊन एका बैठकीत असल्या तीस-चाळीस ओळी निकालात काढत होते.

आपल्या राज्यघटनेत याची एक नीट बांधलेली ओळ आहे, अनुच्छेद ४९. स्मारक किंवा स्थान किंवा वस्तू, अशी तीन नामं. मग कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची असण्याची अट. मग स्वल्पविराम, आणि त्यानंतर ‘डिक्लेअर्ड’, म्हणजे संसदेच्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली. तो स्वल्पविराम ‘डिक्लेअर्ड’ला जवळच्या नामापासून सोडवून तिन्ही नामांशी जोडतो. असे स्वल्पविराम मी वर्षानुवर्षं गाळत आले, कारण मराठीत ते शोभत नाहीत असं मला वाटायचं. ‘द’चंही तसंच. ‘द रिपोर्ट्स अँड लेटर्स साइन्ड बाय’ यात एकच ‘द’ दोघांना एकत्र बांधतो आणि सही दोघांवर असल्याचा कल दिसतो. ‘द रिपोर्ट्स अँड द लेटर्स साइन्ड बाय’ यात दुसरा ‘द’ पत्रांना वेगळं काढतो. मराठीत ‘द’ नाही म्हणून मी तो वाचायचंच सोडून दिलं होतं. हे नुसते इशारे आहेत, पुरावे नव्हेत. पण इशाराही न बघता पुढं जाणं बरोबर नव्हतं.

आता मी काम हातात घेतलं की आधी मराठी लिहीतच नाही. पेन्सिल घेऊन अशा जोड्यांखाली रेघ मारते. मग लिहून देणाऱ्याला विचारते: हे दोघांना, की एकालाच? सुरुवातीला लोकांना हे आवडत नाही. “ताई, तुम्ही भाषांतर करा, अर्थ आम्ही बघतो,” असं एकानं सांगितलं होतं. मी तरीही विचारते, आणि उत्तर लेखी मागते.

नुकतंच गावातल्या ग्रंथालयांना अनुदान देणाऱ्या एका संस्थेचं करारपत्र माझ्याकडं आलं. ग्रंथालय बंद पडल्यास काय परत करायचं त्या कलमात होतं, ‘बुक्स अँड इक्विपमेंट पर्चेस्ड आउट ऑफ द ग्रँट’. पुस्तकं आणि उपकरणं दोन्ही नपुंसकलिंगी. ‘घेतलेली’ दोघांनाही चालतं, म्हणून मराठीचं लिंगवचन इथं मदतीला येणार नव्हतं. आणि फरक मोठा होता. अट फक्त उपकरणांना लागत असेल, तर अनुदानातून घेतलेलं संगणक-कपाट परत जाईलच, पण सोबत ग्रंथालयातली सगळी पुस्तकं जातील: निवृत्त गुरुजींनी दिलेला संग्रह, मुंबईला गेलेल्या मुलांनी पाठवलेली पेटी, कुणाच्या आजीची पोथी. मी संस्थेला विचारलं. एका अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, अट उघडच दोघांना आहे. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी ईमेलला उत्तर दिलं की पुस्तकं सगळीच धरायची. दोन्ही उत्तरं मी एकाच पत्रात दोघांना पाठवली आणि एकच उत्तर येईपर्यंत मराठी देणार नाही असं कळवलं.

आठवड्याभरानं इंग्रजी कलमच बदलून आलं. त्याप्रमाणे मी लिहिलं, ‘अनुदानातून विकत घेतलेली पुस्तके आणि अनुदानातूनच विकत घेतलेली उपकरणे संस्थेकडे परत द्यावीत.’ खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ वाढवली होती, तिचं मराठी असं केलं: ‘देणगी म्हणून आलेली पुस्तके गावाकडेच राहतील.’